जपानी लोकेल लावलं की टर्मिनलमधल्या रेषा का तुटतात : संदिग्ध रुंदीचा पुन्हापुन्हा येणारा घोळ

पुण्यात बसून जपानी क्लायंटची कामं करणाऱ्या टीमना हा प्रकार चांगलाच ओळखीचा असेल. इकडे विंडोज लॅपटॉपवर मिंटी किंवा पुटी हे टर्मिनल, पलीकडे लिनक्स सर्व्हर, दोन्हीकडे जपानी लोकेल (भाषा आणि अक्षरपद्धती सांगणारं सेटिंग) आणि यूटीएफ-८. जपानी मजकूर स्वच्छ दिसतो. पण व्हिम या एडिटरमध्ये अशी एखादी ओळ उघडा जिच्यात → आहे, ● आहे किंवा नुसती “ ” अशी वळणदार अवतरणचिन्हं आहेत, की त्या खुणेच्या पुढे कर्सर एक घर चुकतो. खोडायला जावं एक अक्षर, जातं शेजारचं. ओळ पुसली तरी तिच्या शेपटीचं एखादं अक्षर पडद्यावर तसंच चिकटून राहतं. कंट्रोल-एल मारला की पडदा नव्याने रंगतो, सगळं जागेवर येतं, आणि दोन ओळी खाली गेलं की पुन्हा तेच. एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या देणाऱ्या टीमक्समध्ये दोन खिडक्यांमधली उभी रेघ दातेरी होते, यादीतून शोधून देणाऱ्या एफझेडएफची चौकट फुटते.

यावर सगळीकडे एकच तोडगा सांगितला जातो : व्हिममध्ये अँबीविड्थ (अशा संदिग्ध रुंदीच्या खुणांना किती घरं द्यायची ते सेटिंग) डबल करा. तो कधी चालतो, कधी आणखी बिघडवतो. चालला तरी दुसऱ्या मशीनवरून लॉगिन केलं की दुखणं पुन्हा उभं राहतं. कारण दुखणं व्हिमचं नाहीच. एका खुणेला किती घरं द्यायची हे ठरवणारे तीन-चार जण एकाच वेळी कामाला लागलेले असतात आणि त्यांचं आपसांत जमलेलं नसतं. प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी मलमपट्टी करत बसण्यापेक्षा सगळ्यांना 'एक घर' या बाजूला आणावं आणि ते लोकेलच्या पातळीवरच करावं, असं माझं ठाम मत आहे. का, ते पुढे सांगतो.

आज्ञा आणि सेटिंगांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच करायची. लँग, एलसी_सीटाइप यांसारखी पर्यावरण-चलं (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, लोकेल यांतूनच ठरतं) मोठ्या लिपीत, बाकी बहुतेक सगळं छोट्या लिपीत.

या खुणा संदिग्ध कशा झाल्या

टर्मिनलचा पडदा म्हणजे सारख्या घरांची जाळी. इंग्रजी अक्षराला एक घर आणि कांजीला (जपानीतल्या चिनी अक्षरांना) दोन, इथवर कुणाचाच वाद नाही. वाद आहे तो मधल्या गटाचा. जपानचं जेआयएस सी ६२२६ हे मानक १९७८ चं. पुढे त्यालाच जेआयएस एक्स ०२०८ हे नाव मिळालं. चीनचं जीबी २३१२ हे १९८० चं, तैवानचं बिग५ हे १९८४ चं, कोरियाचं केएस सी ५६०१ हे १९८७ चं. या संचांतलं प्रत्येक अक्षर दोन बाइटचं, आणि तेव्हाच्या पडद्यांवर दोन बाइट म्हणजे दोन घरं हा सरळ हिशेब होता. पण त्यांत नुसती कांजी नव्हती. जपानी मानकात ग्रीक आणि रशियन अक्षरं होती, ×, ÷, ±, °, →, ★, ● होती, आणि १९८३ च्या आवृत्तीत चौकटी आखायच्या रेघाही आल्या. त्यामुळे तोक्योतल्या पडद्यावर ग्रीक अल्फा दोन घरं खायचा आणि अथेन्समधल्या पडद्यावर तोच अल्फा एका घरात मावायचा.

युनिकोडने दोघांना एकच क्रमांक दिला. क्रमांक एक झाला, रुंदीच्या सवयी मात्र दोन राहिल्या. म्हणून युनिकोडच्या ११ क्रमांकाच्या जोडपत्रात प्रत्येक अक्षराला रुंदीचा एक वर्ग दिलेला आहे. वर्ग सहा, त्यांतला 'ए' हा संदिग्ध. त्याच जोडपत्रात सल्लाही आहे : संदर्भ खात्रीने कळत नसेल, तर या वर्गातली अक्षरं अरुंद धरा.

या वर्गात कोण आहे हे अंदाजाने सांगता येत नाही, आणि निदान करताना माणसं चुकतात ती इथेच. € संदिग्ध आहे, ₹ नाही. ® संदिग्ध आहे, © नाही. → आहे, ✓ नाही. ग्रीकमधली साधी अक्षरं संदिग्ध, पण शब्दाच्या शेवटी येणारा सिग्मा तेवढा नाही. रशियन वर्णमाला सगळी संदिग्ध, पण युक्रेनियनमधला खास 'इ' नाही. जुन्या पूर्व आशियाई संचांत जे होतं ते या वर्गात आलं, जे नव्हतं ते बाहेर राहिलं; यामागे दुसरं तर्कशास्त्र शोधू नका. एकाच अहवालात रुपयांच्या ओळी सरळ आणि युरोच्या ओळी एक घर सरकलेल्या दिसल्या, तर डेटा तपासण्यात वेळ घालवण्याआधी इकडे बघा.

आपल्या मराठी मजकुरातही हे पाहुणे असतात. वळणदार अवतरणचिन्हं, तीन टिंबांची एकत्र खूण …, लांब रेघ —, ½, ×, तापमानाचं ° ही सगळी संदिग्ध. वर्डमधून चिकटवलेल्या मराठी परिच्छेदात यातलं काही ना काही असतंच.

आणखी एक गट कुणाच्या लक्षात येत नाही : युनिकोडची खासगी वापराची जागा. तीही पूर्णपणे 'ए' वर्गात आहे. प्रॉम्प्ट सजवणाऱ्या पॉवरलाइन आणि नर्ड फाँटची चित्रं तिथेच बसवलेली असतात. जपानी लोकेल लावल्याबरोबर प्रॉम्प्टमधली गिटची फांदी पुढच्या अक्षरावर चढते, त्याचं हेच कारण.

रुंदी ठरवतं कोण

पहिलं टर्मिनल. अक्षर आलं की कर्सर किती घरं पुढे न्यायचा हे ते स्वतःच ठरवतं. दुसरी सी लायब्ररी, म्हणजे डब्ल्यूसीविड्थ हे फंक्शन. ते एलसी_सीटाइपकडे बघून उत्तर देतं. तिसरा प्रोग्रॅम. काही प्रोग्रॅम लायब्ररीला विचारतात, काही स्वतःचा तक्ता बाळगतात. व्हिमचा स्वतःचा आहे. गो भाषेतले बरेच प्रोग्रॅम गो-रनविड्थ हे पॅकेज वापरतात, आणि ते लोकेलच्या नावात जपानी, चिनी किंवा कोरियन भाषा दिसली की संदिग्ध खुणा दोन घरांच्या धरतं. चौथा फाँट. तो घरं मोजत नाही, पण चित्र किती रुंद काढायचं हे त्याच्या हातात असतं.

आता या सगळ्या प्रकरणाची गाठ सांगतो. 'जेए_जेपी.यूटीएफ-८' हे एकच लोकेल विंडोजवरच्या सिग्विनमध्ये (मिंटी ज्याच्यावर चालतं ते युनिक्ससारखं वातावरण) आणि लिनक्सवरच्या जीलिबसीमध्ये (तिथली सी लायब्ररी) दोन वेगळी उत्तरं देतं. सिग्विनमध्ये भाषा जपानी, चिनी किंवा कोरियन असली की यूटीएफ-८ असूनही डब्ल्यूसीविड्थ संदिग्ध खुणेला २ सांगतं. जीलिबसीत रुंदी यूटीएफ-८ च्या अक्षरतक्त्यातून येते, तो तक्ता सगळ्या भाषांना सामाईक आहे आणि त्यात या खुणेला १ आहे. म्हणजे मिंटी जपानी लोकेलमध्ये उघडलं आणि एसएसएचने लिनक्सवर गेलात, की इकडचं टर्मिनल दोन घरं सोडतं आणि पलीकडचा प्रोग्रॅम एकच घर मोजतो. दोन्हीकडे लोकेल विचारा, उत्तर अक्षराला अक्षर सारखं येईल. त्यामुळे 'लोकेल तर सेम आहे' हे वाक्य या बाबतीत काहीही सिद्ध करत नाही.

निदान : तीन आकडे काढा

सेटिंगला हात लावण्याआधी टर्मिनल, लायब्ररी आणि प्रोग्रॅम यांचे आकडे वेगवेगळे काढा. टीमक्स किंवा स्क्रीनच्या बाहेर येऊन हे करा, कारण ते मध्ये असले की बाहेरच्या टर्मिनलचं खरं उत्तर तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

टर्मिनलसाठी एका फायलीत या दोन ओळी लिहा आणि ती कॅटने दाखवा :

▽▽▽▽▽|
.....|

दोन्ही दांड्या एकाखाली एक आल्या तर टर्मिनल एक घर देतंय. वरची दांडी पाच घरं पुढे गेली तर दोन देतंय. तिसरी शक्यताही असते : दांड्या जुळतात, पण त्रिकोण एकमेकांवर चढलेले किंवा उजवीकडून कापलेले दिसतात. तसं असेल तर मोजणी बरोबर आहे, फाँट मात्र रुंद चित्रं काढतोय. तिथे लोकेलला काही करू नका, फाँट बदला. एमएस गॉथिकसारख्या जुन्या जपानी फाँटमध्ये हे हमखास होतं. हॅकजेन या जपानी फाँटच्या 'कन्सोल' आवृत्तीत अशा खुणा अर्ध्या रुंदीच्या ठेवलेल्या आहेत, म्हणून टर्मिनलला ती सोयीची.

लायब्ररीसाठी : इको ▽▽▽▽▽ हा निकाल पाइपमधून डब्ल्यूसीला द्या आणि डब्ल्यूसीला उणे एल हा पर्याय द्या, एल मोठ्या लिपीतला. ही सोय जीएनयूच्या डब्ल्यूसीत आहे. ओळीची पडद्यावरची रुंदी ते सांगतं. ५ आलं तर एक घर, १० आलं तर दोन. ० आलं तर लोकेल लागलेलंच नाही आणि तुम्ही नुसत्या सी लोकेलमध्ये आहात. डॉकर कंटेनरमध्ये हे शून्य फार वेळा भेटतं, कारण बहुतेक इमेजमध्ये लँग ठरवलेलं नसतं. शून्य आलं तर आधी ते दुरुस्त करा; तोवर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

व्हिमसाठी : कोलन देऊन 'इको स्ट्रविड्थ' आणि कंसात, अवतरणात तेच पाच त्रिकोण. इथेही ५ किंवा १०. त्यापाठोपाठ 'व्हर्बोज सेट अँबीविड्थ?' विचारा, ही किंमत शेवटी कुठल्या फायलीतून आली ते व्हिम सांगतं. कितीतरी वेळा ती कुणीतरी कधीकाळी उचललेल्या प्लगिनमधून किंवा सगळ्यांसाठी ठेवलेल्या विमआरसीतून (व्हिमच्या सेटिंगांच्या फायलीतून) आलेली असते.

मी ▽ हीच खूण घेतली त्यालाही कारण आहे. विमआरसीत अँबीविड्थ लिहिलेलं नसेल, तर व्हिम सुरू होताना हीच खूण पडद्यावर छापतो, 'कर्सर कुठे आहे' असं टर्मिनलला विचारतो आणि उत्तर दुसरा कॉलम आलं तर एक घर, तिसरा आलं तर दोन घरं असं ठरवतो. संथ व्हीपीएनवर व्हिम उघडताना कोपऱ्यात क्षणभर त्रिकोण चमकतो तो हाच. रुबी भाषेतलं, टाइप केलेली ओळ वाचणारं रीलाइनही याच पद्धतीने चाचपणी करतं. तुमचं विचारणं आणि प्रोग्रॅमचं विचारणं एकाच खुणेवर झालं की तुलना चोख होते.

तिन्ही आकडे सारखे असतील तर दुखणं दुसरं आहे. ते शेवटी घेतो. दोन सारखे आणि एक वेगळा असेल तर वेगळा तो बिघडवणारा, बहुतेक वेळा टर्मिनलच.

दुरुस्त केलेलं परत का बिघडतं

लोकेल तुमच्या मागे मागे प्रवास करतं, हे पहिलं कारण. डेबियन आणि उबुंटूच्या एसएसएच क्लायंटमध्ये लँग आणि सगळी एलसी_ चलं सर्व्हरकडे पाठवायची ओळ मुळातच असते, आणि त्यांच्या सर्व्हरमध्ये ती स्वीकारायचीही असते. त्यामुळे एकाच सर्व्हरवर, एकाच खात्यात, तुम्ही उबुंटूवरून आलात तर एक लोकेल आणि सहकारी पुटीवरून आली तर वेगळं. तिच्याकडे चौकट नीट, तुमच्याकडे फुटकी, आणि दोघंही सर्व्हरच्या ॲडमिनला फोन करतात.

दुसरं कारण टीमक्स. टीमक्सचा सर्व्हर ज्या क्षणी सुरू झाला त्या क्षणीचं लोकेल तो धरून बसतो. नंतर बॅशआरसी (शेलच्या सेटिंगांची फाइल) बदला, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा, जुन्याच सेशनला जोडून घ्या, काही फरक पडत नाही. सगळी कामं सेव्ह करून टीमक्स किल-सर्व्हर दिल्याशिवाय नवं लोकेल त्याच्या कानावर जात नाही. शिवाय टीमक्सच्या आत उघडलेला व्हिम 'कर्सर कुठे आहे' असं विचारतो तेव्हा उत्तर टीमक्स देतो, बाहेरचं टर्मिनल नाही. टीमक्स एक घर मोजतोय आणि बाहेरचं मिंटी दोन घरं सोडतंय, तर व्हिम बिचारा टीमक्सवर विश्वास ठेवून एकच घर धरणार आणि पडदा फाटणारच.

तिसरं कारण एलसी_ऑल. हे चल बाकी सगळ्यांच्या वर बसतं. त्याखाली एलसी_सीटाइप, आणि कुणीच काही सांगितलं नसेल तर लँग. कुठल्यातरी डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये एलसी_ऑलला जपानी लोकेल दिलेलं असतं आणि मग तुम्ही एलसी_सीटाइप कितीही बदला, ते कुणी वाचतच नाही. एलसी_ऑल हे एखाद्या आज्ञेपुरतं वापरायचं हत्यार आहे. ते प्रोफाइलमध्ये कायमचं कोरून ठेवू नये. आमच्या टीमचे सर्व्हर तपासताना मी पहिला शोध याचाच घेतो.

सगळ्यांना एका घरावर आणणं

अरुंद बाजू घ्यायचं कारण व्यवहारातलं आहे. युनिकोडचा सल्ला तसा आहे, जीलिबसी तसं मोजतं, कित्ती आणि अलाक्रिटी ही टर्मिनलं तसंच धरून चालतात, आणि रेघांनी चौकटी आखणारे बहुतेक प्रोग्रॅम रेघ एका घराची आहे असं गृहीत धरूनच लिहिलेले असतात. प्रवाह ज्या दिशेला आहे तिकडे वळलं की सांभाळायच्या गोष्टी कमी होतात.

सर्व्हरवर तुमच्या बॅशआरसीत एलसी_ऑल काढून टाका. लँग जपानी ठेवायचं असेल तर ठेवा. त्यानंतर 'एक्सपोर्ट एलसी_सीटाइप=सी.यूटीएफ-८' अशी एक ओळ घाला, बरोबरच्या चिन्हाभोवती जागा न सोडता. या ओळीने बराचसा प्रश्न सुटतो. संदेशांची भाषा एलसी_मेसेजेसवर आणि तारखा एलसी_टाइमवर ठरतात. ती दोन्ही लँगमागून जपानीच राहतात. अक्षरांचा वर्ग आणि रुंदी मात्र एलसी_सीटाइपवर ठरते, आणि तिथे आता 'जपानी' हा शब्दच उरत नाही. लोकेलचं नाव वाचून निर्णय घेणारे प्रोग्रॅमही एलसी_ऑल, मग एलसी_सीटाइप, मग लँग याच क्रमाने बघतात, म्हणून गो-रनविड्थ वापरणारे आणि भाषेप्रमाणे रुंदीचा तक्ता बदलणारा ईमॅक्स हे दोघंही याच ओळीने शांत होतात. जपानी मजकूर दिसायला काही अडचण येत नाही. तो यूटीएफ-८ आहे एवढंच पुरतं.

जीलिबसीमध्ये सी.यूटीएफ-८ अधिकृतपणे २.३५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून आहे. डेबियनने ते आधीपासून दिलेलं होतं. जुन्या सर्व्हरवर 'लोकेल -ए' च्या यादीत ते दिसलं नाही तर ईएन_यूएस.यूटीएफ-८ द्या, काम तेच होतं. फक्त लिनक्स डेस्कटॉपवर जपानी टाइप करण्यासाठी एक्सआयएम ही जुनी इनपुट पद्धत वापरत असाल तर ही ओळ सगळ्या डेस्कटॉपला लावू नका, टर्मिनलमधल्या शेलपुरतीच ठेवा, कारण काही जुने प्रोग्रॅम इनपुट पद्धत एलसी_सीटाइप बघून निवडतात.

लोकेलला हात लावायची मुभाच नसेल तर गोच्या प्रोग्रॅमसाठी रनविड्थ_ईस्टएशियन या चलाला ० द्या. एफझेडएफची चौकट तेवढ्यानेही जुळते.

आता टर्मिनल. पुटीत विंडोखालच्या ट्रान्सलेशन पानावर सीजेके संदिग्ध अक्षरं रुंद धरण्याची एक चौकोनी खूण आहे, ती काढा. मॅकच्या टर्मिनलमध्ये प्रोफाइलच्या ॲडव्हान्स्ड पानावर, आयटर्म२ मध्ये प्रोफाइलच्या टेक्स्ट पानावर तशीच खूण आहे. नोम टर्मिनलमध्ये प्रोफाइलच्या कंपॅटिबिलिटी पानावर नॅरो आणि वाइड असे दोन पर्याय मिळतात, नॅरो ठेवा. एक्सटर्म उणे सीजेके_विड्थ देऊन उघडण्याची सवय कुणी लावली असेल तर ती मोडा.

मिंटीला थोडं जास्त लक्ष लागतं, कारण ते लोकेल आणि फाँट दोन्ही बघतं. लोकेल जपानी, म्हणजे दोन घरं सांगणारं, पण निवडलेला फाँट अरुंद असेल, तर ते लोकेलच्या नावापुढे @सीजेकेनॅरो ही शेपटी स्वतः जोडतं. फाँट बदलला की शेपटी जाते, आणि काल नीट असलेला पडदा आज फाटतो. 'काहीही न बदलता बिघडलं' अशी तक्रार आली की मी आधी फाँट कुणी बदलला का ते विचारतो. हे फाँटवर अवलंबून ठेवू नका. मिंटीच्या पर्यायांत लोकेल ईएन_यूएस आणि यूटीएफ-८ निवडा, किंवा जपानी हवंच असेल तर सिग्विनच्या प्रोफाइलमध्ये शेपटीसकट पूर्ण नाव स्वतः लिहा. ही शेपटी सिग्विनची खास आहे, जीलिबसीच्या लोकेलांत ती नाही. म्हणून ती एसएसएचमधून लिनक्सवर पाठवू नका. सर्व्हरच्या बॅशआरसीत एलसी_सीटाइप स्पष्ट दिलेलं असलं की हीही काळजी मिटते.

व्हिममध्ये 'सेट अँबीविड्थ=सिंगल' लिहून ठेवा. तीच मूळ किंमत आहे, तरी लिहा. लिहिली की व्हिम टर्मिनलला विचारायला जात नाही आणि तो चमकणारा त्रिकोणही थांबतो. सगळं झाल्यावर टीमक्सचा सर्व्हर एकदा बंद करून नव्याने सुरू करा आणि तिन्ही आकडे पुन्हा काढा. तिन्ही ५ यायला हवेत.

दोन घरंच हवी असतील तेव्हा

अशीही कामं असतात. शिफ्ट-जेआयएस किंवा ईयूसी-जेपी या जुन्या जपानी अक्षरपद्धतींच्या काळातले अहवाल, ज्यांत ○ आणि ■ दोन बाइटची धरून कॉलम आखलेले आहेत, ते एका घराच्या हिशेबात कधीच सरळ दिसणार नाहीत. मेनफ्रेमकडून आलेला छापील नमुना पडद्यावर ताडून बघायचा असेल तर दोन घरंच बरोबर. तिथे मग सगळ्यांनाच दोन घरांवर न्या, अर्धवट नको : टर्मिनलची खूण चालू, व्हिममध्ये अँबीविड्थ डबल, जीएनयू स्क्रीनमध्ये सीजेकेविड्थ ऑन, रनविड्थ_ईस्टएशियनला १.

व्हिम इथे ई८३४ किंवा ई८३५ अशी चूक दाखवून अडू शकतो. लिस्टचार्स किंवा फिलचार्स या खुणा ठरवणाऱ्या सेटिंगांमध्ये टॅबसाठी →, मोकळ्या जागेसाठी · किंवा खिडक्यांच्या मध्ये │ ठेवलेली असेल, तर त्या खुणा आता दोन घरांच्या ठरतात आणि तिथे एका घराचीच खूण चालते. आधी त्या साध्या चिन्हांवर आणा. नव्या व्हिममध्ये सेटसेलविड्थ्स हे फंक्शनही आहे. त्याने ○ आणि ■ तेवढ्या दोन घरांच्या करून रेघा एका घरावर ठेवता येतात. अहवाल वाचण्यापुरतं काम असेल तर मला हाच मार्ग जास्त पसंत आहे.

लिनक्सच्या लायब्ररीला दोन घरं शिकवायची तर यूएसआर/शेअर/आय१८एन/चारमॅप्स मधला यूटीएफ-८ चा तक्ता उचलून त्यातल्या रुंदीच्या भागात बदल करावे लागतात आणि लोकेलडेफने जपानी लोकेल पुन्हा बांधावं लागतं. जपानमध्ये हे करणारे बरेच आहेत. पण लायब्ररीचं अपडेट आलं आणि लोकेलं नव्याने बांधली गेली की तुमचं बांधकाम पुसलं जातं, आणि कंटेनरमध्ये तर ते मुळात नसतंच. शिवाय एनकर्सेस (टर्मिनलमध्ये चौकटी काढायला प्रोग्रॅम वापरतात ती लायब्ररी) रेघेची रुंदी १ नाही असं बघतो तेव्हा युनिकोडची रेघ सोडून जुन्या पद्धतीच्या रेघांवर येतो, आणि काही टर्मिनलांवर त्या + - | अशा दिसतात. चौकटी अचानक अशा खडबडीत दिसू लागल्या तर लोकेल रुंद झाल्याचं ते लक्षण समजा.

पायथनमधलं पांडाज वापरून टेबलं छापणाऱ्यांसाठी वेगळ्या दोन कळा आहेत : डिस्प्ले.युनिकोड.ईस्ट_एशियन_विड्थ आणि डिस्प्ले.युनिकोड.ॲम्बिग्युअस_ॲज_वाइड. पहिली कांजीसाठी चालू करावीच लागते. दुसरी टर्मिनल रुंद असेल तरच.

हे दुखणं नव्हे

तिन्ही आकडे जुळूनही पडदा फाटत असेल तर संशय दोन जागी घ्या. एक इमोजी. ती संदिग्ध वर्गात नाहीत; चित्ररूपाने दिसणारी इमोजी २०१६ च्या युनिकोड ९ पासून सरळ रुंद वर्गात आहेत. सर्व्हर जुना आणि टर्मिनल नवं असलं की एकाचा तक्ता त्याआधीचा आणि दुसऱ्याचा नंतरचा असतो. त्यावर अँबीविड्थचा काही परिणाम होत नाही, लायब्ररीच अद्ययावत करावी लागते.

दुसरी आपली देवनागरी. मराठी मजकूर टर्मिनलमध्ये विस्कटतो म्हणून अँबीविड्थ डबल करून बघणारे मी बरेच पाहिले. देवनागरी संदिग्ध वर्गात नाही, तटस्थ वर्गात आहे, त्यामुळे ती कळ इकडे फिरवा की तिकडे, फरक शून्य. अडचण वेगळीच आहे. जीलिबसी हलन्त आणि उकार शून्य घरांचे धरतं, पण काना आणि वेलांट्या प्रत्येकी एका घराच्या. 'क्षत्रिय' हा शब्द लिनक्सवर डब्ल्यूसीला देऊन बघा, ६ येतात : क, ष, त, र, वेलांटी, य. पडद्यावर मात्र जोडाक्षरं जुळवणारं टर्मिनल क्ष, त्रि, य असे तीनच आकार काढतं, आणि उरलेली घरं रिकामी ठेवायची की गिळायची हे प्रत्येक टर्मिनल आपापल्या परीने ठरवतं. यावर लोकेलमध्ये औषध नाही. मराठी फायली टर्मिनलमध्येच वाचायच्या असतील तर एमएलटर्मसारखं भारतीय लिप्या जुळवू शकणारं टर्मिनल घ्या, आणि कॉलम जुळवायचे असतील तर घरं मोजण्याऐवजी टॅबने वेगळी केलेली फाइल करून ती स्प्रेडशीटमध्ये उघडा.